सिंहस्थाआधी विद्वान व्हा

गुरू सिंह राशीत शिरला की नाशकात दोन गोष्टींचा भाव वाढतो, लॉजच्या खोल्यांचा आणि जड शब्दांचा. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. खोल्या गेल्याच असतील, तेव्हा निदान शब्दांचा साठा करून ठेवा. सोसायटीच्या सत्संगात, गोदाघाटावरच्या व्याख्यानात, झालंच तर वरातीतसुद्धा उपयोगी पडतो.

पहिली खबरदारी अशी की ज्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे त्याच्या वाटेला जाऊ नका. अर्थ माहीत असला की माणूस शब्द जपून वापरतो, आणि जपून वापरलेल्या शब्दाला टाळी पडत नाही. 'माया' तर नकोच, ती लोकांनी आधीच जमवलेली असते. 'अनिर्वचनीय' घ्या. अद्वैत वेदान्तात, म्हणजे एक ब्रह्मच खरं मानणाऱ्या मतात, त्याचा अर्थ फार काटेकोर आहे: जे सत् म्हणूनही सांगता येत नाही आणि असत् म्हणूनही नाही, ते. दोरीवर दिसलेला साप खरा नव्हे, कारण उजेड आणला की जातो. आणि अगदीच नव्हता म्हणावं तर घाम कशाने फुटला? तुम्ही एवढ्या खोलात शिरू नका. 'भंडाऱ्यातली बुंदी अनिर्वचनीय होती' म्हणा आणि पुढे चला.

जागा पाहून शब्द बदला. वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. तेव्हा पंचवटीत विशिष्टाद्वैत, म्हणजे वैष्णवांचा वेदान्त, त्र्यंबकला अद्वैत. मधल्या बसमध्ये काहीही चालतं, तिथे मुळात उभं राहायलाच जागा नसते.

अवतरणं मात्र हवीतच, आणि ती मिळवायला भाष्यग्रंथांसारखी सोय नाही. जुने भाष्यकार आपलं मत सांगण्याआधी विरोधकाचं मत मांडतात, तेही असं भक्कम की विरोधकालाही जमलं नसतं. हा पूर्वपक्ष. सुरुवातीला बहुधा 'ननु' असतं, शेवटी 'इति चेत्, न', म्हणजे 'असं म्हणाल तर, नाही', आणि मग खरा सिद्धांत सुरू होतो. तुम्ही त्या 'न'च्या एक ओळ अलीकडे वाचन थांबवा. जे मत खोडायला आचार्यांनी पुढची दोन पानं खर्ची घातली, ते त्यांच्याच नावावर खपवता येतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सुविचारांपैकी कितीतरी याच खाणीतले आहेत.

व्याख्या विचारणारा एक जण प्रत्येक सभेत असतो. बहुधा निवृत्त शिक्षक, तिसऱ्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी. त्याच्यासाठी न्यायशास्त्रातली, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातली, गाय सांभाळून ठेवा. गाय म्हणजे काय? 'तांबूस असते ती' म्हणाल तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'शिंगं असतात ती' म्हणाल तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. 'एकच अखंड खूर असतो ती' म्हणाल तर जगातली एकही गाय उरत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी सांगितली की लक्षण बसतं. आता हीच कसोटी 'अध्यात्म म्हणजे ऊर्जा' या तुमच्या आवडत्या वाक्याला लावायला गेलात तर एकलहऱ्याचं औष्णिक केंद्रही मठात जमा होईल. म्हणून गायीची गोष्ट पूर्ण रंगवून सांगा आणि व्याख्येकडे परत येऊच नका.

सगळ्यांत हुकमी माल म्हणजे अभाव. वैशेषिक दर्शनाच्या परंपरेत नसण्याचेही चार प्रकार आहेत आणि सिंहस्थाच्या कामांमुळे चारींची उदाहरणं दाराशी आलीत. जो रस्ता अजून व्हायचाय त्याचं आज नसणं म्हणजे प्रागभाव. याला आरंभ नाही पण अंत आहे, असं निविदा म्हणते. होता तो रस्ता खणून काढल्यावर जे उरतं तो प्रध्वंसाभाव. याला आरंभ आहे, अंत नाही, आणि इथे शास्त्र आणि अनुभव यांचं पूर्ण एकमत आहे. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाजवळ पार्किंग हा अत्यंताभाव, भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही काळी नाही. नकाशातला रस्ता म्हणजे जमिनीवरचा रस्ता नव्हे, हा अन्योन्याभाव.

प्रमाणांचा, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या साधनांचा, आकडा सांगताना आधी कोण ऐकतंय ते बघा. चार्वाक एकच मानतो, प्रत्यक्ष. बौद्ध दोन, सांख्य तीन, नैयायिक चार, प्रभाकराचे मीमांसक पाच, कुमारिलाचे आणि अद्वैती सहा. कोणी अडवलंच तर एकाने वाढवून सांगा, वाद मिटतो.

फ्लेक्सवर 'तत्वज्ञान' आणि 'ब्रम्ह' असंच छापून येईल. 'तत्त्व'मधला दुसरा त आणि 'ब्रह्म'मधला म-च्या आधीचा ह सुधारून मागितलात तर लोकांना वाटेल, तुम्ही खरोखर शिकलेले आहात. मग ते प्रश्न विचारतील.

प्रश्न आलाच तर 'हा अनुभवाचा विषय आहे' हे ठेवणीतलं उत्तर. निम्मी सभा माना डोलावते. फक्त तिसऱ्या रांगेवर नजर असू द्या. नैयायिकाच्या, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्याच्या, लेखी स्मृती सोडून बाकी सगळं ज्ञान अनुभवच, आणि त्यातल्या यथार्थ अनुभवाचे चार प्रकार. पिशवीवाले गृहस्थ उठून 'चारांपैकी कोणता?' असं विचारतील. याला उत्तर नाही. आभारप्रदर्शन करणाऱ्याला माइकजवळच बसवा आणि खूण आधी ठरवून ठेवा.