डोंगरात न दिसण्यासाठी काय घालावे

पुणेकर गृहस्थ सदऱ्याचे कापड घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारतो: रंग जाणार नाही ना, आणि मळखाऊ आहे ना. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा शहाणपणा आता डोंगरापर्यंत पोहोचला आहे, याबद्दल आपले अभिनंदन करावे तितके थोडे आहे. शनिवारी पहाटे स्वारगेटहून निघणाऱ्या ट्रेकच्या गाडीत डोकावले, तर सॅक शेवाळी, विंडचीटर मातकट, सहा खिशांची विजार खाकी, टोपीवर लष्करी ठिपके आणि हातमोजे काळे असा थाट दिसतो, आणि ही मंडळी राजगड पाहायला निघाली आहेत की घ्यायला, हे पटकन सांगता येत नाही. यंदाच्या पावसाळ्याआधी आपणही असा सरंजाम जमवणार असाल, तर रंग निवडताना हात आखडू नये, म्हणून हे चार शब्द.

आपल्याला नेमके कोणापासून लपायचे आहे, असे एखादा शंकेखोर विचारील. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. रविवारी सिंहगडाच्या वाहनतळावर जागेसाठी ताटकळून, पुणे दरवाज्यातून इतरांची कोपरे खात वर पोहोचलेल्या माणसाला भजीवाल्या मावशींपासून लपण्याचे कारण नसते. आणि आजारपणाची रजा टाकून आलेल्याला ज्या साहेबांपासून लपायचे असते, ते साहेब पलीकडच्याच सतरंजीवर पिठले-भाकरी खात बसलेले असतात व त्यांचेही विंडचीटर शेवाळीच असते. उरला बिबट्या. बहुतेक सस्तन प्राण्यांप्रमाणे त्यालाही लाल आणि हिरव्यातला भेद फारसा कळत नाही. तो टिपतो ती हालचाल, आणि ऐकतो तो आवाज. तेव्हा नखशिखान्त शेवाळी होऊन सॅकला गाणी वाजवणारा स्पीकर लटकवलेल्या वीराचे बिबट्यापासून लपणे कितपत साधते, हे ज्याचे त्याने ठरवावे. माकडांना मात्र रंग आपल्यासारखेच दिसतात, परंतु त्यांचे लक्ष आपल्या पोशाखाकडे नसून वेफर्सच्या पुड्याकडे असते.

‘मिलिटरीचा माल आहे, म्हणजे खात्रीचाच’, हे वाक्य जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हमखास कानावर पडते. इतिहास विक्रेत्याच्या बाजूने आहे. खाकी गणवेशाची सुरुवात १८४६ मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीपासून झाली असे मानतात, आणि ज्या फ्रेंचांनी त्यापासून धडा घेतला नाही, त्यांचे सैन्य १९१४ च्या ऑगस्टमध्ये लाल विजारी घालून युद्धात उतरले व त्याची भीषण किंमत मोजून बसले. फरक इतकाच की त्या सर्वांवर समोरून गोळ्या झाडल्या जात होत्या, आणि तोरण्यावर अद्याप तशी तक्रार आलेली नाही. लोकांनी आपल्याला सैनिक समजावे या हेतूने सैनिकी पोशाख घालणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये होता, आता न्याय संहितेच्या कलम १६८ मध्ये आहे. त्याची धास्ती बाळगू नये. सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याला धरणापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे खरे छात्र घाम गाळत असतात, आणि आपले पोट पाहिल्यावर तसा गैरसमज होईल, हे कोणतेही न्यायालय ग्राह्य धरणार नाही.

आता मुख्य मुद्दा. सह्याद्रीत एक रंग बारा महिने पुरत नाही, आणि केवळ शेवाळीवर विसंबून राहणारा माणूस मार्गशीर्षात लांबूनसुद्धा ओळखू येतो. आषाढ-श्रावणात ओला हिरवा उत्तम. भाद्रपदात पठारे सोनकीने पिवळीधमक होतात, तेव्हा सगळे ज्याला ‘सुरक्षेचा रंग’ म्हणतात त्या पिवळ्या रेनकोटातही आपण निर्धास्तपणे नाहीसे होऊ शकता. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे जांभळ्या-निळ्या जॅकेटचा खर्च करण्यापूर्वी पुढचा हंगाम कधी आहे याची चौकशी करावी. गवत वाळले की खाकी, फाल्गुनात पळस पेटला की काही दिवस खुशाल नारिंगी, आणि कड्याच्या पोटाशी, बेसाल्टच्या सावलीत बसायचे असेल तर बारमाही काळा. हे पथ्य काटेकोरपणे पाळले, म्हणजे घसाऱ्यावरून पाय निसटून आपण कारवीच्या जाळीत विसावला असाल आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थेचे स्वयंसेवक आपली कामेधामे सोडून, भर पावसात दोर खांद्यावर टाकून आपल्याला शोधत असतील, तेव्हा त्यांची नजर आपल्यावरून विनासायास पुढे सरकेल. दुर्बीण लावली तरी सरकेल. ड्रोन उडवला, तर त्यांना सह्याद्रीचे एक सुंदर हिरवे छायाचित्र मिळेल, ज्यात आपणही आहात.

कपड्यांवर थांबून चालणार नाही. खरी साधना लहान वस्तूंची असते. चाकूची मूठ शेवाळी, हेडटॉर्च काळा, लायटर मातकट, होकायंत्राची डबी हिरवी आणि तंबूच्या खुंट्या मातीच्या रंगाच्या असाव्यात. तंबू उभारताना दातात धरलेली शेवटची खुंटी खाली पडते, आपण जिथे पडली तिथेच वाकतो, गवताच्या मुळांत बोटे फिरवतो, एक काटकी उचलतो, मग दुसरी काटकी उचलतो, आणि उठून पाऊल टाकताच ती खुंटी बुटाखाली चिखलात जाते, ती पुढच्या पिढीतल्या इतिहास संशोधकाच्या हाती लागण्यासाठी. अंधार झाल्यावर टॉर्च शोधण्यासाठी टॉर्च लागतो, ही अवस्था काळ्या टॉर्चशिवाय गाठता येत नाही. तंबूचे ताणदोरही गडदच निवडावेत, म्हणजे रात्री लघुशंकेला उठलेला प्रत्येक सोबती पाळीपाळीने त्यांना अडखळेल आणि कोणत्या दिशेला कोण झोपले आहे, हे सर्वांना आवाजावरून कळत राहील. कड्यावर दोन दोर वापरणारे लोक दोन वेगळ्या रंगांचे घेतात, कारण वरच्याला ‘पिवळा सोड’ असे ओरडून सांगता येते. आपण दोन्ही काळे घ्यावेत आणि वरच्याच्या अंतर्ज्ञानावर विश्वास ठेवावा.

भडक रंगवाल्यांचा एक पंथ आहे, त्याचा थोडक्यात परामर्श घेतो. त्यांच्यात बहुमत लाल जॅकेटवाल्यांचे असते, आणि त्यांचा हेतू छायाचित्रात उठून दिसण्याचा असल्यामुळे त्यांच्यापासून धोका कमी आहे. संधिप्रकाशात माणसाच्या डोळ्याला लाल रंग सर्वांत आधी काळवंडलेला दिसू लागतो आणि हिरवा-निळा त्या मानाने उजळ राहतो, हे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवले आहे. म्हणजे दिवसभर मिरवलेले लाल जॅकेट नेमके शोधाशोध सुरू होण्याच्या वेळी आपल्या काळ्या पंथात येऊन मिळते. सावध राहायचे ते चमचमत्या पोपटी-पिवळ्या रंगापासून. दिवसाउजेडी आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो; शिवाय फ्लुरोसंट रंगद्रव्य अतिनील किरणे शोषून त्यांचा दिसणारा प्रकाश करते, त्यामुळे ढगाळ हवेतही असे कापड इतरांपेक्षा उजळ भासते. त्यावर परावर्तक पट्टी असेल तर कहरच: तिच्यातले काचेचे सूक्ष्म मणी टॉर्चचा झोत जिथून आला तिथेच परत पाठवतात, आणि शोधणाऱ्याला आपण रात्रीसुद्धा सापडतो. असा अंगरखा घालून पुण्यात फिरणे आणखी अवघड आहे, कारण लोक आपल्याला महापालिकेचे समजून ड्रेनेजची तक्रार सांगू लागतात. विमानवाल्यांना हा पाचपोच नाही. ज्याला ते ब्लॅक बॉक्स म्हणतात, ती पेटीसुद्धा त्यांनी नारिंगी रंगवली आहे.

येथे क्षणभर उपरोध बाजूला ठेवतो, कारण पक्षीनिरीक्षकांवर अन्याय व्हायला नको. भिगवणला किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी पहाटे दुर्बीण घेऊन गप्प बसणाऱ्याने मातकट घालावे, हे अगदी रास्त आहे. पक्ष्यांना रंग आपल्याहून अधिक दिसतात, कित्येकांना अतिनीलही दिसतो, आणि कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या साबणातले द्रव्य त्यांच्या नजरेत भरू शकते. पण या मंडळींच्याही सॅकच्या तळाशी एक भडक पावसाळी आच्छादन दुमडून ठेवलेले असते, आणि जायची वेळ झाली की ते बाहेर निघते. त्यांचे एवढे अनुकरण करू नये.

काळ्यावर अजूनही मन बसले असेल, तर आग्या मोहोळाचा विचार जरूर करावा. सह्याद्रीच्या कड्यांना ही पोळी लोंबत असतात, चिडलेल्या माश्या गडद रंगावर अधिक त्वेषाने तुटून पडतात, आणि मधपाळ पांढरे घालतात ते शोभेसाठी नव्हे. मधमाशीला लाल रंग लाल म्हणून दिसतच नाही, त्यामुळे लाल जॅकेटवाल्यांनी फार हसू नये. काळा पोशाख, त्यावर उग्र अत्तर आणि कड्याखाली पेटवलेली शेकोटी एवढे जमवले, की आजवर कोणालाही न दिसलेले आपण किमान एका समुदायाला तरी स्पष्ट दिसाल.

शेवटची खबरदारी. आजकाल पुष्कळशा सॅकच्या छातीवरच्या पट्ट्यात, बकलमध्येच, एक चिमुकली शिट्टी दडवलेली असते, आणि कारखानदाराने ती खोडसाळपणे नारिंगी केलेली असते. तिला घरीच काळ्या मार्करने रंगवून घ्यावे, म्हणजे मिनिटाला सहा वेळा फुंकून मिनिटभर थांबायचे, हा डोंगरातला संकटाचा इशारा वापरण्याचा मोह होणार नाही. निघताना अंगावर काय घातले आहे हे घरी सांगू नये, फोटो तर मुळीच पाठवू नये. आपण परतला नाहीत की पोलीस हेच पहिल्यांदा विचारतात. मग बाबा सांगतात शेवाळी, आई सांगते मेंदी, शेवाळी वेगळा असतो. धाकटी सांगते तो मातकट आहे, धुतल्यावर हिरवा वाटतो. शेजारचे काका आपण होऊन सांगतात की त्यांनी पाहिला तेव्हा करडा होता. बाहेर दिवेलागण झालेली असते, आणि हवालदार शेवटी ‘फिकट किंवा गडद’ असे लिहून पान उलटतो.