टीसीबरोबर एक पान पाठवा

जुलैच्या मध्यावर माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी आली. वडील लष्करात, ही तिची पाचवी शाळा. पहिल्याच तासाला हात वर करून तिनं विचारलं, "मॅडम, इथे समास लाल पेननं आखायचा की पेन्सिलनं?" मला हसू आलं, आणि मग तो प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना. धडा कुठला चाललाय ते तिनं विचारलंच नाही. आधी इथली रीत काढून घ्यायची, मग तोंड उघडायचं, एवढं चार शाळांनी तिला पक्कं शिकवलं होतं.

तिच्या वह्यांवर नाव होतं, इयत्ता होती. शाळेच्या नावाची ओळ मात्र कोरी. दिवाळीपर्यंत कोरीच होती.

फौजी मुलांबद्दल बोलताना आपले दोनच सूर लागतात. एक 'बिचारी', दुसरा 'किती धीट, कुठेही रमतात'. मला दुसरा जास्त खटकतो. रमतात म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही ना!

आता हिचंच गणित घ्या. अपूर्णांक दोनदा झालेले आणि दशांश एकदाही नाहीत. एका शाळेत दशांश सुरू व्हायच्या आत ती निघाली, पुढच्या शाळेत पोचली तेव्हा तिथे ते उरकलेले. मला हे कळलं चाचणीत ती नापास झाल्यावर. त्याआधी 'पाया कच्चा आहे' असा शेरा मीच मारून ठेवला होता. पाया कच्चा नव्हता हो, तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

अभ्यासक्रम एक केला की प्रश्न मिटतो, असं म्हणणारे भेटतात. बदलीच्या नोकरीतल्यांच्या मुलांचे हाल होऊ नयेत म्हणूनच तर केंद्रीय विद्यालयं निघाली. १९६३-६४ मध्ये २० रेजिमेंटल शाळा घेऊन सुरुवात झाली. फार मोठं काम आहे ते. पण पुस्तक एकच असलं तरी दोन वर्ग एकाच पानावर नसतात. शिवाय सगळी फौजी मुलं त्याच शाळांत जातात असंही नाही. मग राज्य बदललं की भाषा बदलते, बोर्ड बदलतं.

इंग्लंडमध्ये २०११ पासून अशा मुलांसाठी शाळेला वेगळा निधी मिळतो, मुख्यतः त्यांना मानसिक आधार देता यावा म्हणून. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांनी मिळून एक करारच केलाय. मूल शाळा सोडताना नोंदींची प्रत पालकांच्या हातात द्यायची, नव्या शाळेनं तिच्यावर भागवून घेऊन मुलाला वर्गात बसवायचं, लसीकरणात काही राहिलं असेल तर त्याला ३० दिवस द्यायचे. मला यातला करार जास्त पटतो, कारण तो सोडणाऱ्या शाळेलाही कामाला लावतो. आपल्याकडे सगळी अपेक्षा नव्या शाळेकडून. जुनी शाळा टीसीवर शिक्का मारते आणि मोकळी होते.

माझं म्हणणं एवढंच, टीसीबरोबर वर्गशिक्षकांनी हातानं लिहिलेलं एक पान जावं. छापील फॉर्म नको, त्यात रकाने भरले जातात, मूल दिसत नाही. कुठपर्यंत शिकवून झालंय, काय राहिलंय, हात कशात चांगला आहे, वडील सध्या घरी आहेत की फील्डवर. हे शेवटचं मी स्वतःच्या चुकीवरून लिहितेय. भर वर्गात मी तिला विचारलं होतं, "बाबा कुठे असतात तुझे?" ती बाकाकडे बघत म्हणाली, "सांगता येत नाही." तिला माहीत नव्हतं की सांगायची परवानगी नव्हती, मला आजही ठाऊक नाही. वर्ग मात्र हसला.

'पन्नास पोरं सांभाळायची, वर ही पत्रं कोण लिहिणार?' असं सहकारी म्हणतात. वर्षाला अशी दोन-तीन मुलं जातात. पानाला पंधरा मिनिटं लागतात. मोजून बघितलीत मी.

कारण मार्चमध्ये तिच्या वडिलांची पुन्हा बदली झाली आणि मी ते पान लिहायला बसले. ती शेजारी उभी राहून वाचत होती. मी लिहिलं होतं, 'दशांश अपूर्णांक झाले आहेत.' तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"झाले नाही मॅडम, 'येतात' असं लिहा."