पाणी भरून ठेवू नये

सोलापूरकराला पाण्याबद्दल एकच गोष्ट जन्मापासून ठाऊक असते: सुटलं की भरायचं. उजनी काठोकाठ भरली तरी आपल्या गल्लीत नळाला पाणी काही दिवसांआडच येणार, आणि तेही बऱ्याचदा ऐन झोपेत. मग हंडा, कळशी, बॅरल, पातेली, शेवटी आंघोळीचा तांब्यासुद्धा भरून ठेवायचा. अशा गावात प्रयोगशाळेच्या इमारतीत शुद्ध पाण्याची मध्यवर्ती यंत्रणा बसवायची आणि लोकांना सांगायचं की हे पाणी साठवू नका, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत पोराला पाळण्याकडे बघू नको म्हणण्यासारखं आहे.

छळ तळमजल्यापासूनच सुरू होतो. बोअरचं पाणी जड. त्यातला चुना आधी सॉफ्टनरने काढला नाही तर तो आरओच्या मेंब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यावर, बसतो. हिशेब साधा आहे. जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम धरा, सॉफ्टनरमध्ये रेझिन, म्हणजे चुना धरून ठेवणारे बारीक दाणे, ५० लिटर. एक लिटर रेझिन ढोबळमानाने ५० ग्रॅम जडपणा धरतं, म्हणजे एकूण अडीच किलो, म्हणजे ५००० लिटर पाणी. मग ते रेझिन मिठाच्या दहा टक्के पाण्याने धुवायचं. एका धुण्याला साडेसात किलो मीठ. दिवसाला २००० लिटर लागत असेल तर महिन्याला बारा धुणी, ९० किलो. ५० किलोची दोन पोती म्हणा. हे बिल लेखा विभागात गेलं की तिथून हमखास फोन: ‘‘काय ओ सर, मेस काढायलाव की काय?’’ मीठ जाडंच घ्यावं, बारीक मीठ टाकीच्या तळाशी दगडासारखं बसतं, हे सांगायला जावं तर संशय आणखी वाढतो. एखाद्या महिन्यात मीठ नामंजूर होतं. ती बचत पुढे नव्या मेंब्रेनच्या बिलात सव्याज दिसते, पण तोवर फाइल दुसऱ्या टेबलावर गेलेली असते.

महापालिकेच्या पाण्याची तऱ्हा निराळी. त्यातलं क्लोरीन आपल्या पोटाला चालतं, मेंब्रेनला जाळतं. म्हणून कार्बन फिल्टर लावून ते ०.१ मिलिग्रॅमच्या खाली आणायचं. पण क्लोरीन गेलं की पाण्याचा राखणदारही गेला. जंतू पहिला संसार थाटतात तो त्या कार्बनमध्येच.

गच्चीवरची काळी टाकी हा तर मे महिन्याचा खास प्रयोग. बाहेर ४२-४३ अंश, टाकीतलं पाणी चहाच्या वाटेवर. मेंब्रेनची सहनशक्ती साधारण ४५ अंशांपर्यंतच. गंमत अशी की पाणी तापलं की मेंब्रेनमधून ते अंशामागे सुमारे तीन टक्के जास्त निघतं. मीटर बघून सगळे खूश! क्षारही त्याच दिलदारीने निघतात, हे कंडक्टिव्हिटी (क्षार असतील तितकं पाणी वीज वाहतं, त्याचं माप) बघेपर्यंत कळत नाही. टाकीवर पत्र्याची सावली करा किंवा जमिनीतल्या हौदातून थेट उचला. खर्च किरकोळ आहे, म्हणूनच कुणाला मंजूर करावासा वाटत नाही.

एवढं सोसून पाणी लूपमध्ये जातं. लूप म्हणजे सगळ्या मजल्यांवरून फिरून परत शुद्ध पाण्याच्या टाकीत येणारी पाइपाची माळ. त्यात पाणी सेकंदाला एक ते दीड मीटर वेगाने, चोवीस तास, रविवारी आणि दिवाळीतही फिरत राहिलं पाहिजे. वाटेत २५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा आणि टाकीच्या श्वासाला, म्हणजे हवा आत-बाहेर जाते तिथे, ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. या पाण्यात जंतूंना खायला जवळजवळ काही नसतं, तरी थांबलेल्या पाण्यात ते पाइपाला चिकटून बुळबुळीत थर धरतात. दुष्काळात जगायची कला त्यांनाही येते.

आणि थांबायला जागा ठेवायची हे आपल्या प्लंबरचं ब्रीद. फाट्याची लांबी पाइपाच्या व्यासाच्या तिपटीत बसवावी, म्हणजे २५ मिलिमीटरला ७५, जेमतेम चार बोटं. तो दोन फुटांचा तुकडा काढून टोपी लावून ठेवतो. ‘‘पुढंमागं लागंल की, सर.’’ त्या दोन फुटांत पाणी वर्षानुवर्षं बसून असतं आणि दर महिन्याच्या जंतुतपासणीत हजेरी लावतं. त्यातून पितळी कॉक बसवला असेल तर तांबं-जस्त पाण्यात फुकट.

नळावर लावलेली रबरी नळी मात्र माझी खास शत्रू. प्रत्येक मजल्यावर एक सापडते. मूळची पांढरी, आता हळदीच्या रंगाची. खालचं टोक सिंकमधल्या साबणाच्या पाण्यात बुडालेलं, आत बोट फिरवलं तर गुलाबीसर शेवाळ्यासारखं काहीतरी. लाखो रुपये खर्चून केलेलं पाणी शेवटची दीड फूट वाट या नळीतून चालतं. काढून टाकली की दुसऱ्या दिवशी नवी, कारण नळीशिवाय पाणी उडतं. नळ थोडा हळू सोडा, हा उपाय कुणाला शास्त्रीय वाटत नाही.

मग फोन येतो: ‘‘सर, पाणी ॲसिड झालंय!’’ झालेलं काही नसतं. मेगओम म्हणजे पाणी विजेला किती अडवतं त्याचं माप; जितके जास्त तितकं पाणी शुद्ध. १८.२ मेगओमचं पाणी बीकरमध्ये ओतलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच ५.६ च्या आसपास उतरतो आणि मीटरला धरायला क्षारच नसल्याने काटा भिरभिरतो. मेगओमही काही मिनिटांत ढासळतात. हे पाणी पाइपातच मोजायचं, बीकरमध्ये नव्हे. तरी प्रत्येक विभागाला १८.२ च हवं, कारण शेजारच्या विभागाला मिळालंय. माझ्या मते लूपमध्ये एक मेगओमचं पाणी फिरवावं आणि एचपीएलसीसारख्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) दोन-चार ठिकाणी शेवटचा हात फिरवणारं छोटं पॉलिशिंग यंत्र लावून १८.२ करून घ्यावं. काचेची भांडी १८.२ ने धुणं म्हणजे चादर गुलाबपाण्यात भिजवणं.

रात्री वॉचमन अण्णा पंप बंद करतात. त्यांचं चुकत नाही. कुणी नसताना मोटर चालू ठेवणं या गावात पापच. पॅनेलवर ‘बंद करू नये’ लिहिलं तर ‘नये’ पुसट होतं. पॅनेलला कुलूप, वेगळी लाइन आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा पंप, एवढं केलं की रात्र सुखाची.

शनिवारी पाच वाजता वर जावं तर शिपाई मामा पाच-पाच लिटरचे कॅन ओळीने भरत बसलेले असतात. प्रत्येकावर चिठ्ठी: ‘शुद्ध, सोमवारसाठी’.

‘‘मामा, हे कशाला?’’

‘‘सोमवारी नाही सुटलं तर?’’

त्यांच्या डोक्यावरच्या पाइपात तेच पाणी धावत असतं.