दहा पेन्स

काल लग्नाच्या फोटोंची लिंक आली. त्यात मी चर्चच्या फाटकापाशी चक्क रांगतोय, आजूबाजूला आठ-नऊ वर्षांची पोरं, आणि ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी नेमका तोच फोटो उचललाय. तेव्हा आता खुलासा करणं आलंच.

लग्न कलीगचं, स्कॉटलंडमधे फाईफला. सगळ्या पुरुषांनी किल्ट म्हणजे तिकडचा चुण्यांचा घागरा घालायचाच हा त्याचा हट्ट, म्हणून भाड्याने आणला. आठ वार लोकर, म्हणजे आमच्या आजीच्या लुगड्याला एकच वार कमी, ती पार बेंबीवर आवळायची, पुढे स्पोरन नावाचा केसाळ बटवा लटकवायचा आणि उजव्या मोज्यात स्कीयन डू म्हणजे बारकीशी सुरी खोचायची. माझी प्लास्टिकची होती, तरी डिपॉझिट घेतलंच. त्यात नवरीचे एक काका हजारो वर्षांच्या आपल्या खानदानी टार्टनबद्दल, म्हणजे किल्टच्या चौकड्यांच्या कापडाबद्दल, सांगत बसले. ही घराणंवार टार्टनची हौस खरी फोफावली ती १८२२ मधे राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि लेखक वॉल्टर स्कॉटने त्याच्यासाठी जो थाटमाट केला त्यानंतर, पण दुसऱ्याच्या लग्नात कुठे वाद घालणार, मान डोलावली. १७४६ ते १७८२ हायलंडमधे, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, पुरुषांना किल्ट घालायला कायद्याने बंदी होती. ती उठवायची काय घाई होती असं त्या वाऱ्यात मला फार वाटलं.

असो. तर लग्न लागलं की नवरा गाडीतून चिल्लर उधळतो आणि गावातली बिनआमंत्रणाची पोरं ती लुटतात, ह्याला तिकडे पूर-ऊट म्हणतात. चिल्लर उडाली, एक पोरगं माझ्या दोन पायांमधून सुसाट गेलं, मोज्यातली सुरी उडाली आणि मी ती शोधायला वाकलो. बस, एवढंच!

"ओ मिस्टर, हे लहान मुलांचं असतं."

म्हटलं, माझी सुरी पडलीये.

हे ऐकून ते पोरगं दोन पावलं मागे सरकलं आणि जोरात ओरडलं, "आजी, ह्याच्याकडे सुरी आहे!"

आजी फाटकाला टेकून उभी, हातात भाजीची ट्रॉली, लग्नाशी काडीचा संबंध नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "घेऊ दे रे त्यालाही एखादं नाणं, लांबून आलेला दिसतोय." मी सांगतोय, अहो मी पाहुणा आहे, मला पैसे नकोत, तर ती आणखीच कळवळली. पर्स उघडली, आतली चिल्लर बोटाने इकडे तिकडे सारली, वीस पेन्सचं नाणं उचललं, परत ठेवलं, आणि दहाचं माझ्या हातात कोंबून वर माझी मूठ मिटवून दिली. पोरगं भडकलं. त्याच्या मते मी आधीच एक पाउंड बुटाखाली दाबून ठेवला होता. "पाय उचल." उचलला. "आता दुसरा." तोही उचलला! एवढा आयटीतला सीनियर माणूस, ऐन लग्नात एका पोराला तळवे दाखवतोय, आणि फोटोग्राफरला नवरीच्या मैत्रिणी सोडून हेच टिपायचं होतं.

आहेर दिला, हॉटेलचं बिल भरलं, रात्री 'केली' नावाच्या तिकडच्या पारंपरिक नाचगाण्यात एका धिप्पाड मावशीने दंड धरून गरागरा फिरवलं तेही सोसलं. सोमवारी किल्ट परत द्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने मोज्यांवरचा गुडघ्याजवळचा चिखल पाहिला, मान वर न करताच "पूर-ऊट का?" म्हणाली आणि डिपॉझिटमधून पाच पाउंड कापले.