विंगमन हवा, अनुभवाची अट नाही

आमच्या स्क्वाड्रनमध्ये नवा विंगमन, म्हणजे लीडरच्या बाजूनं उडणारा साथीदार, आला की त्याचं स्वागत मी करतो. हे पद मला कोणी दिलेलं नाही. बाकीच्यांनी एकेक करून या कामातून अंग काढून घेतलं आणि मी उरलो. स्क्वाड्रन म्हणजे रात्री जेवणं आटोपल्यावर संगणकापुढे बसून दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवणारी मंडळी. आम्ही एकमेकांचे चेहरे पाहिलेले नाहीत, पण कोण कुठल्या बाजूला वळताना मरतो हे मात्र पक्कं ठाऊक आहे.

स्वागताची गाडी अडते ती ‘अरे’ की ‘अहो’ यावर. समोर नुसतं नाव असतं : ‘गगनभेदी७७’. हे ७७ जन्मसाल आहे, वय आहे, की आधीचे शहात्तर गगनभेदी दुसऱ्यांनी पटकावले म्हणून हा सत्त्याहत्तरावा, काही कळायला मार्ग नसतो. मागे एकाला मी ऐसपैस ‘अरे बाळा’ म्हणून रडर, म्हणजे पायानं वळवायचं शेपटीवरचं सुकाणू, समजावला, आणि ते गृहस्थ निवृत्तीनंतरचा छंद म्हणून आलेले निघाले. त्यांनी मला ‘बोल बेटा’ म्हणून उत्तर दिलं. आवाज ऐकला की अंदाज येतो म्हणावं, तर आवाज येतच नाही.

‘सर, माझा आवाज येतोय का?’ हे नवा माणूस टाइप करून विचारतो. नाही. ‘आता?’ नाही. ‘आत्ता तरी?’ मग अचानक असा येतो की आम्ही सगळे एकदमच हेडफोन काढतो. त्यानंतर तो बंद होत नाही. पंखा, कळफलक, दाराची बेल, आणि मागून कुणीतरी विचारतंय, ‘कोणाशी भांडतोयस एवढ्या रात्री?’ त्याला म्हणावं लागतं, बाबा रे, बोलायचं तेव्हाच दाबायचं असं एक बटण नेमून घे. गगनभेदीनं तत्परतेनं नेमलं. फक्त ते जॉयस्टिकवर आधीच मशीनगनचं बटण होतं.

आता आमच्या स्पिटफायर मार्क १ या ब्रिटिश लढाऊ विमानाला आठ मशीनगन असतात आणि दारूगोळा जेमतेम पंधरा सेकंदांचा. ‘नमस्कार मंडळी, आपल्या स्क्वाड्रनमध्ये यायची फार दिवसांची इच्छा होती’ एवढं नम्रपणे बोलायला साधारण सहा सेकंद लागतात. तो आमच्या मागे धावपट्टीच्या रांगेत उभा होता. पुढच्याची शेपटी गेली. ‘अरे रे, माफ करा हं, खरंच माफ करा’ यात माझा डावा पंख गेला. मुलगा उद्धट असता तर आमची निम्मी विमानं वाचली असती.

सगळे पुन्हा नवी विमानं घेऊन रांगेत येतात. या गोंधळात जो वेळ जातो तो स्पिटफायरला चालत नाही. इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर पंखाखाली, जमिनीवर उभं असताना त्याला पुरेसा वारा मिळत नाही आणि चाकाचा पाय थोडा आड येतो तो वेगळाच. खऱ्या वैमानिकांनाही इंजिन सुरू केल्यावर रेंगाळायची सोय नव्हती. पण त्यांच्या विंगमनला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, उलटा लागलेला नसे. आमचा नवा माणूस सेटिंगमध्ये शिरलेला असतो आणि आम्ही रांगेत उभ्याउभ्या उकळत असतो.

उड्डाण म्हणजे तर स्वतंत्र सोहळा. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या बाजूनं पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, म्हणून थ्रॉटल दिला की विमानाचं नाक डावीकडे ओढतं. उजवा रडर द्यायचा, हळूहळू. हे मी इतक्यांना सांगितलंय की झोपेतही माझा उजवा पाय पुढे होत असेल. ऐकणारा ‘हो सर’ म्हणतो, थ्रॉटल एका दमात पूर्ण पुढे ढकलतो आणि डावीकडे हँगरकडे निघून जातो. जाताना पुन्हा म्हणतो, ‘हो सर’.

एकदाचे सगळे हवेत गेले की फॉर्मेशन, म्हणजे रचना धरून एकत्र उडणं. ‘माझ्याजवळ राहा’ हे वाक्य मी आता बोलत नाही, कारण लोक राहतात. ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकानं १९१६ मध्ये हवाई लढाईचे आठ नियम घालून दिले : सूर्य पाठीशी ठेवा, शत्रू जवळ आल्यावरच गोळी झाडा वगैरे. आजही आम्ही नव्या माणसाला तेच शिकवतो. तो बोल्के त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेला, आपल्याच स्क्वाड्रनच्या साथीदाराच्या विमानाशी टक्कर होऊन. हे मी नव्यांना सांगत नाही. उगाच कल्पना कशाला द्या!

शत्रू दिसला की नवा माणूस नाक एकदम खाली दाबून झेपावतो. सुरुवातीच्या मर्लिनला कार्ब्युरेटर होता. असं दाबलं की इंधनाचा पुरवठा बिघडून इंजिन आचके देतं. १९४१ मध्ये बिट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी एक साधी छिद्राची चकती बसवून हा प्रश्न बराचसा सोडवला. आमच्या मोहिमा १९४० च्या असतात. बाई अजून यायच्यात. त्यामुळे रेडिओवर ‘सर, इंजिन बंद पडलं’ आणि पाठोपाठ नवं बटण कुठलं निवडलं होतं हे विसरून झाडलेली उरलीसुरली फैर.

त्या रात्री मात्र गगनभेदी टिकला. आम्ही सगळे पडलो, तो एकटा ढगात हरवला. बऱ्याच वेळानं आवाज आला, ‘सर, उतरलो! एकही चाक मोडलं नाही!’ आम्ही खूश. कुठे उतरलास विचारलं, तर म्हणाला, ‘इथे सगळ्या विमानांवर काळे क्रॉस आहेत.’

म्हणजे जर्मनांचा तळ. याला परंपरा आहे हो. जून १९४२ मध्ये आर्मिन फाबर नावाचा जर्मन वैमानिक दिशा चुकला आणि ब्रिटिशांच्या वेल्समधल्या पेम्ब्री तळावर आपलं फॉके-वुल्फ १९० अलगद उतरवून मोकळा झाला. ब्रिटिशांना कधीपासून हवं असलेलं विमान आयतं, धडधाकट मिळालं.

गगनभेदीला मी म्हटलं, काही बोलू नकोस, बोललास की गोळ्या सुटतील. तो म्हणाला, ‘पण सर, ते स्वागत करतायत, उत्तर नको द्यायला?’ आणि त्यानं दिलं.

थोड्या वेळानं समोरच्या स्क्वाड्रनच्या लीडरचा निरोप आला : ‘तुमचा माणूस आमच्या धावपट्टीवर आहे. आमची तीन विमानं गेली. आमच्याकडे पाठवता का कायमचा, की परत नेता?’

मी सगळ्यांना विचारून सांगतो म्हणालो.