पुढच्यास ठेच, मागचाही आडवा

ग्रुपने माउंटन बायकिंगला जायचं ठरलंय ना, मग सगळ्यात आधी ग्रुपमधला सगळ्यात नवखा गडी कोण ते बघा आणि ट्रेल, म्हणजे डोंगरातली सायकलची वाट, ठरवताना नेमकं त्यालाच विचारू नका. बऱ्याच ठिकाणी ट्रेलच्या तोंडाशी पाटी असते, हिरवा गोल म्हणजे सोपं, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा डायमंड म्हणजे अवघड, पण रंग बघायला आपण काय चित्रकलेच्या परीक्षेला आलोय का, सरळ काळ्यावर घाला.

टायरमध्ये हवा दगडासारखी टणक भरा. ट्यूबलेस टायरला साधारण 20 ते 30 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात, तेवढ्या हवेत टायर जरा दबतो आणि माती धरून ठेवतो वगैरे, पण धरून ठेवला तर मजा काय. 50 भरा, म्हणजे प्रत्येक दगडावरून चेंडूसारखे उडाल. सायकल शक्यतो मित्राची मागून आणा आणि पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते विचारू नका, काही देशांत तो उजवीकडे असतो, काहींत डावीकडे, कळेलच की पहिल्या उताराला. कळलं की तो अख्ख्या मुठीने आवळा. ब्रेक मारला की सगळं वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, म्हणूनच तर जाणते लोक एकाच बोटाने हळूहळू दाबतात आणि बुड मागे नेतात. तुम्ही सीट उंचच ठेवा, ताठ बसा, हँडलवरून पलीकडे जायला सोपं पडतं.

वाटेत एखाद्या दगडाची भीती वाटली तर त्याच्यावरची नजर हलवू नका. डोळे जातात तिकडे सायकल जाते, आणि तुमचा दगड तुम्हाला भेटणारच.

आता मुख्य मुद्दा, अंतर. ते ठेवायचंच नाही. पुढच्यास ठेच मागचा शहाणा असं लहानपणापासून ऐकलंय, पण ते म्हणणारा माणूस चालत असणार, आणि शहाणं व्हायला किमान दोन सेकंद तरी मिळाले असणार. मागच्या राइडला आम्ही सात जण होतो. सगळ्यात पुढचा फार प्रेमळ, मागचे मागेच राहू नयेत म्हणून तो आंधळ्या वळणाच्या बरोब्बर पलीकडे, ट्रेलच्या मधोमध थांबला. दुसरा त्याला चुकवायला गेला आणि झुडपात शिरला. मी तिसरा, मी दुसऱ्याच्या मागच्या चाकाकडे बघत होतो (वर डोळ्यांचं काय सांगितलं ते आठवतंय ना), त्यामुळे मीही झुडपात. चौथ्याने "काय झालं रे?" असं विचारलं, पण विचारेपर्यंत तो माझ्या पाठीवर होता. बाकीचे तिघे ओल्या मुळांवर ब्रेक मारून आपापले स्वतंत्र पडले, त्यांचं श्रेय आम्ही घेत नाही.

पडल्यावर पहिलं वाक्य "काही नाही झालं" हेच. दुसरं, "सायकल ठीक आहे ना?" नडगीवर पेडलच्या पिनांनी एका रेषेत भोकं पाडलेली असतील, कोपर सोलवटलं असेल, तरी आधी सायकलीपाशी जा आणि ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाजवळची धातूची चकती, वाकली का ते बोट लावून बघा. लांब उतारानंतर ती चांगलीच तापलेली असते, म्हणजे यादीत एक भाजल्याची जखमही येते, तेवढीच व्हरायटी. फर्स्ट एडची पेटी सगळ्यांकडे असते, खाली गाडीत.

हात टेकवून पडला असाल आणि अंगठ्याखाली मनगट दुखत असेल तर ग्रुपमधले सगळे लगेच डॉक्टर होतील, "बोटं हलतायत ना? मग हाड शाबूत." तिथलं एक छोटं हाड असं आहे की ते मोडलं तरी बोटं मजेत हलतात आणि कधीकधी पहिल्या एक्सरेतही काही दिसत नाही, पण असली माहिती सांगून राइडचा मूड घालवू नका. हेल्मेटला तडा गेला असेल तर चिकटपट्टी आहेच. आतला फोम एकदाच मार खायला बनवलेला असतो, चिकटपट्टी मात्र कितीही वेळा लावता येते.

आणि हो, "इथून मी उतरून चालत येतो" हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. त्या दिवशी ते सातही जणांच्या मनात होतं, हे आम्हाला परत येताना, सायकली ढकलत असताना कळलं.

राइडचा टाइम मोजणारं ॲप मात्र आधीच चालू करून ठेवा. त्या वळणापर्यंतचा माझा आजवरचा सगळ्यात भारी टाइम त्या दिवशीच लागलाय, शेवटचे दोन मीटर सायकलशिवाय गेलो म्हणून असेल.