बालगंधर्व पाडण्याआधी आवाजाचं बोला

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा विषय निघाला, की इथे म्युनिकमध्ये माझ्या फोनवरही दोन तट पडतात. एक गट म्हणतो, 1968 साली उभी राहिलेली, पु. ल. देशपांड्यांनी जिच्या आखणीत जीव ओतला ती वास्तू आहे, तिच्या विटेलाही हात लावू नका. दुसरा म्हणतो, शहर केवढं वाढलंय बघा, एकाच्या जागी अनेक सभागृहं असलेलं संकुल बांधा. पार्किंगवर हिरीरीने वाद होतात, स्वच्छतागृहांवर होतात (आणि ते व्हायलाच हवेत). नव्या सभागृहात तानपुरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल का, हे मात्र त्या चर्चेत मला कुणी विचारताना दिसलं नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तो आहे. जूनमधल्या एका मैफलीनंतर तर मी त्यावर ठाम झाले.

एक चांगल्या तयारीची ख्याल गायिका युरोपच्या दौऱ्यावर आली होती. मैफल म्युनिकबाहेरच्या एका गावातल्या बहुउद्देशीय हॉलमध्ये होती. मी एकटीच गेले. एकटीने गाणं ऐकायला जाण्याची मला कॉलेजपासूनची सवय आहे, पण पुण्यात डिसेंबरमध्ये होणाऱ्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवात एकटं असं कुणी राहतच नाही. भारतीय बैठकीवर शेजारच्या काकू तासाभरात आपल्या डब्यातलं पुढे करतात आणि समेवर दोघींची मान एकदम हलते. इथे माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बोलायला कुणी नाही, त्यामुळे कान पूर्णपणे त्या खोलीकडे लागले.

जमिनीवर बास्केटबॉलच्या रेषा, भिंतीला व्यायामाच्या लाकडी शिड्या, वर हवा खेळवणारं यंत्र. त्या यंत्राची घरघर सतत चालू होती आणि तिलाही स्वतःचा एक सूर होता, गायिकेच्या षड्जाच्या किंचित खाली. विलंबित बागेश्रीत ती मध्यमावर येऊन थांबायची तेव्हा खरं तर खाली तानपुऱ्याचा गालिचा हवा. त्याऐवजी ती घरघर ऐकू यायची. तिने दोनदा वर पाहिलं. आयोजकांनी विचारलं, तर यंत्र आपोआप चालतं, बंद करता येत नाही, असं उत्तर आलं. द्रुतमध्ये तबल्याचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून उशिरा परत येत होता, आणि तानेतले सूर एकमेकांत मिसळून नुसता गलबला उरत होता. साउंडवाल्याने आवाज वाढवला, तशी भिंतही जोरात बोलू लागली. साडेनऊ वाजता बाहेर अजून उजेड होता, मोठ्या खिडक्यांना पडदे नव्हते, आणि रात्रीचा राग त्या उजेडात चालला होता. पावणेदहाला हॉलचा रखवालदार दारात येऊन उभा राहिला. दहाला सगळं थांबायलाच हवं होतं. भैरवी झालीच नाही.

आयोजकांना मी दोष देत नाही. पदरमोड करून, नोकऱ्या सांभाळून ते हे करतात आणि परवडणारा हॉल तोच असतो. वाईट वाटलं ते गायिकेचं. तिने वर्षानुवर्षं कमावलेला आवाजाचा बारीक लगाव त्या खोलीत कुणापर्यंत पोचलाच नाही.

दहा वाजताची ही वेळ पुण्याला ओळखीची आहे. भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई पूर्वी पहाटेपर्यंत चालायचा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद केले. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, त्यावर हल्ली आपण भागवतो. दर डिसेंबरला 'परदेशात बघा, तिकडे संस्कृतीची कदर असते' असं कुणीतरी म्हणतंच. जर्मनीतही रात्रीच्या शांततेची वेळ साधारण तीच, दहा ते सहा, आणि लोक ती आपल्यापेक्षा कडक पाळतात. झोपणाऱ्याच्या झोपेवर मैफलीचा हक्क नाही, हे मला पटतं. पण आपल्याकडच्या त्या नियमात एक वाट आहे, बंदिस्त सभागृहाला ही बंदी लागू नाही. मालकंस, दरबारी हे रात्री उशिराचे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे असतील तर बाहेर आवाज न जाणारी आणि आत सूर जपणारी वास्तू हवी. म्हणून बालगंधर्वचा वाद आणि सवाईच्या वेळेचा वाद हा मला एकच वाद वाटतो.

परदेशात सगळं आलबेल आहे, असंही नाही. म्युनिकचं गास्टाइग सांस्कृतिक केंद्र 1985 साली झालं. त्यातल्या जवळजवळ 2400 आसनांच्या मोठ्या सभागृहाच्या आवाजाबद्दल वादक आणि रसिक दशकानुदशकं तक्रार करत राहिले. नूतनीकरण ठरलं, आणि ते लांबत चाललंय. बव्हेरिया राज्य सरकारच्या वेगळ्या नव्या सभागृहाला 2022 साली मुख्यमंत्र्यांनीच 'थांबून विचार करू' म्हटलं. पण या शहराने एक गोष्ट नीट केली. जुनं बंद करण्याआधी पर्यायी सभागृह उभं केलं. 2021 मध्ये उघडलेली इझारफिलहार्मोनी तात्पुरती म्हणून बांधली, एका जुन्या ट्रान्सफॉर्मर हॉलला तिचं प्रवेशदालन केलं, आणि आवाजाचं काम यासुहिसा टोयोटा या नावाजलेल्या जपानी ध्वनितज्ज्ञाकडे दिलं. आत काळ्या लाकडाच्या भिंती आहेत, भपका नाही. सुमारे 1900 माणसं बसतात आणि व्हायोलिनचा सगळ्यात हळू सूर मागच्या बाकापर्यंत स्वच्छ येतो. तिथेही मी एकटीच जाते. तिथे एकट्याने येणारे पुष्कळ असतात, म्हाताऱ्या बायका तर खूपच. अनेक मैफलींचं तिकीटच बस-रेल्वेचंही तिकीट असतं, त्यामुळे घरी कसं जायचं हा प्रश्न पडत नाही. पुण्यात रात्री साडेअकराला नाट्यगृहातून निघालेल्या एकट्या बाईला काय मिळतं, हेही पार्किंगइतक्याच जोराने विचारायला हवं.

पुणेकरांना माझं सांगणं असं. बालगंधर्व ठेवायचं की नवं बांधायचं हे तुम्ही ठरवा, मी तिथे राहत नाही. पण पहिला हातोडा पडण्याआधी पर्यायी सभागृह चालू झालेलं असू द्या, नाहीतर नाटकवाले आणि गाणारे मंगल कार्यालयांच्या दारात उभे राहतील. निविदेत ध्वनितज्ज्ञाचं नाव वास्तुविशारदाच्या शेजारी असू द्या. आणि उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी, वातानुकूलन यंत्र चालू ठेवून, तिथे एखाद्या गवयाला माइकशिवाय विलंबित ख्याल गायला बसवा, आणि नगरसेवकांना शेवटच्या रांगेत.